निवासी वस्तीतील वाहनांचा वेग आणि गतिरोधकाची घडण

एखाद्या वसाहतीतील रस्त्यावर अपघात घडला, की रहिवाशांची पहिली मागणी असते ती गतिरोधकाची. कित्येकदा तर नगरपालिकेची वाट न पाहता रहिवासीच सिमेंटचा एक उंचवटा रस्त्यावर आडवा घालून मोकळे होतात. या मागणीमागील भीती सर्वस्वी रास्त आहे. तथापि असा उंचवटा पुष्कळदा भरधाव जाणाऱ्यास अभय देतो आणि सावकाश जाणाऱ्यास शिक्षा करतो. हे विधान विपरीत वाटले तरी खरे आहे. ते तसे का, याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम वेगाचाच विचार करू. रस्त्यात अकस्मात मूल आले असता चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद लागतो असे धरू, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वाहनाचा वेग दर सेकंदास ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे मानू. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन त्या पहिल्या सेकंदात ८.३ मीटर जाते व पुढील ५ मीटरांत थांबते. म्हणजे एकंदर सुमारे १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन मात्र त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेले असते. पहिले वाहन जेथे उभे राहिले, तेथे दुसऱ्याचा ब्रेक अद्याप लागलेलाही नसतो. त्या जागी मूल असेल, तर धडक बसते ती पूर्ण वेगाने. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती ताशी ३० किलोमीटरच्या धडकेच्या पावणेतीनपट ऊर्जेची असते. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी व वाहने जेथे वारंवार एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा सुचविली, तिच्यामागील कारण हेच होय. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारगाडीसाठी ताशी ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरविली. स्थानिक परिस्थितीनुसार ती कमी करण्याची मुभा राज्यांस आहे. परंतु पाटीवर आकडा बदलल्याने वेग बदलतोच असे नाही. चालक पाटी वाचण्याआधी रस्ता वाचतो. रुंद, सरळ व गुळगुळीत रस्ता त्यास जे सांगतो, ते पाटीहून अधिक ठळक असते. पुण्याच्या जुन्या पेठांतील बोळांत वेगमर्यादेची पाटी लावण्याचे प्रयोजनच पडत नाही.

म्हणून रस्त्याचीच घडण बदलणे आले, आणि तिचा सर्वांत परिचित प्रकार गतिरोधक होय. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ज्यांचे नाव कॉम्प्टन परिणामामुळे ठाऊक असते, ते नोबेल पारितोषिक विजेते आर्थर हॉली कॉम्प्टन सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती होते. विद्यापीठाच्या आवारातील वाहनांच्या वेगाने त्रस्त होऊन त्यांनी १९५३ च्या सुमारास या प्रश्नाचा अभ्यास केला व असे उंचवटे तयार केले. (कुलपतिपदावरील व्यक्तीने आपल्या शास्त्राचा याहून व्यवहारोपयोगी विनियोग क्वचितच केला असेल.) पुढे इंग्लंडातील परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली निरनिराळ्या आकारांची पद्धतशीर तपासणी केली. तीतून सुमारे ३.७ मीटर लांबीचा व १० सेंटिमीटर उंचीचा गोलसर उंचवटा पुढे आला. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ च्या मार्गदर्शिकेत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी जवळपास हीच मापे स्वीकारली: प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर, उंची ०.१० मीटर व वक्रतेची त्रिज्या १७ मीटर.

या मापांतच सारे मर्म आहे. वाहनाच्या स्प्रिंगा क्षणभर बाजूस ठेवून माथ्यावरील अभिकेंद्री त्वरणाचे गणित केले, तर ताशी २५ किलोमीटरला ते गुरुत्व त्वरणाच्या तीन-दशांशाहून किंचित कमी भरते; ताशी ४० ला सुमारे पाऊण होते; आणि ताशी ४६ च्या पलीकडे चाके जमीन सोडू पाहतात. वेग वाढेल तसा त्रास वाढतो. आता घरगुती उंचवटा घ्या. तो जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाक तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी काळात ओलांडते. मोटारीच्या शरीराचा नैसर्गिक दोलनकाल साधारण एक सेकंदाचा असल्याने ते वर उचलले जाण्यापूर्वीच चाक पलीकडे उतरलेले असते. धक्का बव्हंशी टायर व स्प्रिंगा गिळून टाकतात. वेग कमी करणाऱ्यास मात्र तो पुरा जाणवतो. रस्त्यावर ठोकलेल्या पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्यांची गोष्ट याहून निराळी नाही.

दुचाकीस्वाराची स्थिती अधिक बिकट. रात्री रंग नसलेला असा उंचवटा दिसत नाही व मागे बसलेली व्यक्ती उडून पडते. दिवसा स्वार तो चुकविण्यासाठी गटाराच्या बाजूस सोडलेल्या फटीतून जातो. आणि पदपथ नसलेल्या आपल्या रस्त्यांवर पायी चालणारा नेमका तेथेच चालत असतो.

योग्य आकाराचा एकच गतिरोधकही पुरेसा नाही, कारण तो ओलांडताच चालक गमावलेला वेळ भरून काढतो. म्हणून मार्गदर्शिकेत १०० ते १२० मीटरांच्या अंतराने त्यांची मालिका सुचविली आहे. शिवाय एका गल्लीतील रहदारी शेजारच्या गल्लीत ढकलली गेली, तर धोक्याचे फक्त स्थलांतर झाले. कॉलिन ब्यूकॅनन यांनी १९६३ च्या अहवालात शहराची तुलना मार्गिका व खोल्या असलेल्या इमारतीशी केली होती, ती येथे उपयुक्त ठरते: विचार एका दाराचा नव्हे, अख्ख्या दालनाचा करावयाचा. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सुरू झालेल्या व १९७६ साली कायद्याने मान्य झालेल्या ‘वोनेर्फ’ रस्त्यांत झाडे, वळणे व बैठका यांनीच वाहनास पावलाच्या गतीवर आणले. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ताशी ३० ची मर्यादा घातली.

आपल्या वस्तीचे निदान करण्यास मोठ्या सामग्रीची गरज नाही. रस्त्यावर खडूने २५ मीटर अंतरावर दोन रेषा आखाव्यात व विरामघड्याळ घेऊन उभे राहावे. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनास त्या ओलांडण्यास बरोबर ३ सेकंद लागतात, ताशी ५० च्या वाहनास १.८ सेकंद. मोकळ्या वाहतुकीतील शंभर वाहनांची नोंद घेऊन, त्यांपैकी ८५ वाहने ज्या वेगाच्या आत असतील तो वेग काढावा. उंचवटा घालण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा शेजारच्या गल्लीसह ही नोंद घेतली पाहिजे.