रहस्यकथा लिहिताय? आधी हे वाचा

परवा एका मित्राची रहस्यकथा वाचली. इन्स्पेक्टर प्रेताला हात लावून म्हणतो, ‘बरोब्बर नऊला खून झालाय!’ असं कुणालाच सांगता येत नाही हो!

लेखकांसाठी ॲन विंगेट यांचं ‘सीन ऑफ द क्राइम’ (१९९२) उत्तम. बाई स्वतः पोलिसात होत्या.

माझा लाडका पुरावा म्हणजे प्रेतावरचे डाग. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरतं, कातडी जांभळट होते. साधारण ८ ते १२ तासांत हे डाग पक्के होतात. (जमिनीला टेकलेला भाग मात्र दाबामुळे फिकाच राहतो.)

आता प्रेत उताणं आणि पक्के डाग छाती-पोटावर? म्हणजे नंतर कुणीतरी ते हलवलंय!

विषप्रयोगासाठी जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकाचं जाडजूड पाठ्यपुस्तक चाळा. रुक्ष आहे, पण कामाचं.

कथेत कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा.