घराजवळचं रान, भाग ५ : शेवळाचं भांडवल मातीखाली

मागच्या भागातला टाकळा वाटेल तिथे उगवतो. शेवळाचं तसं नाही. तळोज्याच्या एमआयडीसीत ते शोधून सापडायचं नाही. त्याला झाडाखालची, पालापाचोळा कुजलेली उताराची जमीन लागते. मृगाच्या आगेमागे तिथे जांभळट-तपकिरी दांडे वर येतात आणि पनवेलच्या बाजारात ठाकूर-कातकरी बायका जुड्या मांडून बसतात, शेजारी काकडाच्या आंबट फळांचे वाटे.

अमॉर्फोफॅलस कम्युटेटस हे त्याचं शास्त्रीय नाव. म्हणजे सुरणाचाच भाऊबंद. सुमात्रातलं ते माणसाहून उंच, कुजक्या वासाचं जगप्रसिद्ध फूलही याच प्रजातीतलं. १८८९ साली लंडनच्या क्यू उद्यानात ते फुललं होतं. आमचं शेवळ त्यामानाने फारच साधंसुधं.

जुडीतला एक दांडा सोलून बघा. बाहेरचं जांभळं आवरण म्हणजे महाछद. आतल्या दांड्यावर तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं आणि वर लांब गुळगुळीत शेंडा. महाछद उमलला की घाण वास सुटतो, त्यावर कीटक येतात आणि परागीभवन होतं. भाजीला मिटलेलंच शेवळ घ्यायचं ते म्हणून. निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकतात. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. त्यावर उतारा आंबटाचा, काकडाचा नाहीतर चिंचेचा. त्यात हात आखडला, तर भाजीतले सोडे कितीही उत्तम असोत, घसा खवखवणारच.

फुलोऱ्यानंतर जमिनीतून पान येतं, एकच, पण छत्रीसारखं पसरलेलं. पावसाळाभर ते अन्न तयार करतं आणि खाली साठवतं. या साठ्याला घनकंद म्हणतात. जुना कंद आटत जातो, त्याच जागी नवा भरतो. पावसाळा सरला की पान पिवळं पडून लोळतं आणि पुढच्या पावसापर्यंत वर काही दिसत नाही. सुरणाचा हाच कंद आपण खातो. जपानी लोक याच कुळातल्या कंदाच्या पिठापासून कोन्याकू नावाचा पदार्थ करतात.

शेवळं तोडून तोडून संपवली, असा ठपका विकणाऱ्या बायकांवर ठेवणारे भेटतात. मला ते पटत नाही. फुलोरा तोडला की त्या वर्षीचं बी जातं, हे खरं; पण कंद शाबूत राहतो. डोंगराचा पायथा जेसीबीने खरवडला, त्यावर भराव पडला, की कंदच जातो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तळोजा-खारघर पट्ट्यात काय झालं, ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. तोडणाऱ्यांनीही एका जागची सगळी शेवळं काढू नयेत, चार फळायला ठेवावीत, एवढं मात्र म्हणेन.

जुडी घ्याल तेव्हा काकडं मागून घ्या. पुढच्या भागात त्याच झाडाविषयी.