काळ्या रानातल्या भेगांचं माप

उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या कापसाच्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि बैलांचे पाय रुतू लागतात. काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात, त्याही या फुगण्या-आकसण्यामुळेच. कोकणातली जांभ्याची तांबडी माती मात्र अशी वागत नाही. दोन्हीकडे मूळ खडक बहुतांशी बेसाल्टच. मग फरक कशात आहे?

चिकणमातीचा कण म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंचे अतिशय पातळ थर, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले. काळ्या मातीत मुख्यतः स्मेक्टाइट गटातली खनिजं असतात. त्यांच्या थरांची एकमेकांवरची पकड सैल असल्यानं मधे पाणी शिरतं. जांभ्याच्या मातीतल्या केओलिनाइटचे थर घट्ट बांधलेले असतात, तिथे पाण्याला वाट मिळत नाही.

हे थर मोजतात क्ष-किरणांनी. लागोपाठच्या थरांवरून परतलेले किरण ठरावीक कोनातच एकमेकांना बळ देतात. तो कोन कळला की थरांमधलं अंतर गणितानं काढता येतं, हे लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये दाखवलं. १९१५ चं नोबेल त्यांना वडिलांसोबत मिळालं, तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते.

प्रयोगशाळेत मातीतले ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण वेगळे करून काचपट्टीवर थर आडवे बसतील असे वाळवतात. स्मेक्टाइटचं अंतर साधारण १४ ते १५ अँगस्ट्रॉम भरतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. मग पट्टीला इथिलीन ग्लायकॉलची वाफ देतात. ते थरांत शिरतं आणि अंतर १७ वर जातं. कोनानुसार परतलेल्या किरणांची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावरचं शिखर सुमारे ६ अंशांवरून ५ अंशांकडे सरकतं. पट्टी ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की पाणी निघून जातं, थर मिटतात आणि अंतर १० वर येतं. केओलिनाइटचं शिखर ७ अँगस्ट्रॉमवर असतं. ग्लायकॉलनं ते हलत नाही, तापवल्यावर मात्र नाहीसं होतं. शेतात दिसणारं फुगणं आणि भेगाळणं इथे आकड्यांत उतरतं.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतल्या अभ्यासकांनी याच पद्धतीनं काळ्या मातीचा इतिहासही तपासला. ज्या खनिजाच्या झिजेतून स्मेक्टाइट बनतं, त्या फेल्डस्पारचे कण मातीत फारसे झिजलेले नव्हते. म्हणजे आजच्या कोरड्या हवामानात एवढं स्मेक्टाइट तयार होणं शक्य नाही. ते पूर्वीच्या दमट काळात खडक कुजून बनलं आणि वाहत येऊन सखल भागात साचलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या पावसात ओढ्याला लागलेली काळी माती आपल्या हयातीत पुन्हा बनणार नाही. म्हणून बांधबंदिस्ती पुढच्या वर्षावर ढकलू नये.