दोन धातूंचा शाफ्ट किती पिळतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाळपाचा हंगाम सुरू झाला की भोकरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. अर्धापूर तालुक्यातला भाऊराव चव्हाण सहकारी कारखाना असो की लातूरचा मांजरा, ऊस ज्या रोलरांमध्ये चिरडला जातो ते सहसा एका धातूचे नसतात. आत घडीव पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर बिडाचं कवच, म्हणजे शेल. शेल तापवून फुगवतात, शाफ्टवर चढवतात, आणि थंड होताना ते आवळून बसतं. डिप्लोमा-डिग्रीच्या पुस्तकातला ‘कंपोझिट शाफ्ट’ आपल्या भागात रोज फिरतो तो असा. या धड्यात मार्क जातात ते आकडेमोडीपेक्षा चुकीच्या समजुतींमुळे.

सर्वांत पक्की बसलेली समजूत ही, की दोन धातू असले म्हणजे टॉर्क निम्मा-निम्मा वाटला जातो. कुणी जरा पुढे जाऊन म्हणतं, छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे. दोन्ही चूक. एक मीटर लांबीचा, ४० मिमी व्यासाचा पोलादी गाभा घ्या. त्यावर पक्का बसलेला पितळी स्लीव्ह, बाहेरचा व्यास ६० मिमी. टॉर्क १००० न्यूटन-मीटर. रिजिडिटी मॉड्युलस, म्हणजे ‘जी’, पोलादाचा ८० आणि पितळेचा ४० गिगापास्कल धरू. निम्मा टॉर्क पोलादाला दिला तर गाभा १.४२ अंश पिळतो. उरलेला निम्मा घेऊन स्लीव्ह पिळतो फक्त ०.७० अंश. एकमेकांना जखडलेले भाग असे वेगवेगळे पिळूच शकत नाहीत. दोघांचा कोन एकच असतो, आणि टॉर्कची वाटणी त्या अटीप्रमाणे ठरते.

ही वाटणी होते ‘जी’ आणि ‘जे’ यांच्या गुणाकारावर. ‘जे’ म्हणजे पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया. तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. आपल्या उदाहरणात हा गुणाकार पोलादासाठी २०.१ आणि पितळेसाठी ४०.८ किलोन्यूटन-मीटर वर्ग येतो. बेरीज ६०.९. टॉर्कला लांबीने गुणून या बेरजेने भागलं की कोन मिळतो ०.०१६४ रेडियन, म्हणजे ०.९४ अंश. पितळ ‘जी’मध्ये पोलादाच्या निम्मं, तरी ६७ टक्के टॉर्क तेच घेतं, कारण ते बाहेर आहे. क्षेत्रफळ पाहिलं असतं तर त्याचा वाटा ५६ टक्के निघाला असता.

काही जण दोन्ही ‘जी’ची सरासरी, म्हणजे ६०, धरून अख्खा ६० मिमीचा शाफ्ट एकाच धातूचा मानतात. मग कोन येतो ०.७५ अंश. खरा पीळ त्याहून चतुर्थांशाने जास्त आहे, आणि ही चूक धोकादायक बाजूला झुकते.

‘ताण नेहमी सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर जास्त असतो’ हे वाक्य एका धातूच्या शाफ्टसाठी खरं आहे. दोन धातूंत ते तपासल्याशिवाय लिहू नये. आपल्या शाफ्टमध्ये पितळेच्या बाहेरच्या कडेला ताण आहे १९.७ मेगापास्कल, तर आत, सांध्यापाशी, पोलादात २६.३. त्याच सांध्याच्या पितळी बाजूला फक्त १३.१. कोन सलग, पण ताण सांध्यावर उडी घेतो. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि विद्यार्थी नेमके इथेच थांबत नाहीत.

वर्कशॉपमध्ये ऐकू येणारी समजूत वेगळी आहे: ‘ईएन-८ पिळतंय, ईएन-२४ टाका.’ पोलादाच्या या दोन प्रतींपैकी ईएन-२४ जास्त टॉर्क सोसतं, कायमचं वाकडं व्हायला वेळ लावतं, हे बरोबर. पण दोघांचा ‘जी’ जवळपास सारखाच, ८० च्या आसपास. हार्डनिंग केलं तरी तो फारसा बदलत नाही. म्हणून तेवढ्याच टॉर्कला दोन्ही शाफ्ट तेवढेच पिळतात. पीळ कमी हवा असेल तर व्यास वाढवा. ४० चा ४४ केला तरी पीळ सुमारे ३२ टक्क्यांनी उतरतो. चौथ्या घाताचा हा नियम फ्रेंच अभियंता कूलोम याने १७८४ मध्ये तारा पिळून दाखवला होता.

आता रोलरकडे या. समजा शाफ्टचा व्यास शेलच्या बाहेरच्या व्यासाच्या निम्मा आहे आणि बिडाचा ‘जी’ पोलादाच्या निम्मा. मग हिशेबाने शेलचा वाटा येतो ८८ टक्के. पण हे खरं ठरतं पकड पक्की असेल तरच. ‘स्लीव्ह चढवला म्हणजे शाफ्ट मजबूत झाला’ ही समजूत इथे फसते. पकड सैल झाली की शेल घसरतं आणि भार शाफ्टवर येतो. घासू नये म्हणून पंपाच्या शाफ्टवर सरकवलेला सैल स्लीव्हही कडकपणात धरायचा नसतो. शिवाय शेलच्या बाहेर, बेअरिंगपाशी, रोलरमध्ये नुसतं पोलाद असतं. तिथे वाटणी नाही. एकापाठोपाठ एक जोडलेल्या अशा तुकड्यांमध्ये टॉर्क तोच राहतो आणि कोनांची बेरीज होते. गणित सोडवण्याआधी भाग एकावर एक आहेत की एकापुढे एक, हे आकृतीत ठरवा.

सूत्रातला कोन रेडियनमध्ये येतो. त्याला अंश समजलात तर पीळ ५७ पटींनी कमी दिसेल.

परीक्षेच्या पेपरात शेवटची दोन मिनिटं यासाठी राखून ठेवा: दोन्ही धातूंच्या वाट्याला आलेल्या टॉर्कवरून कोन स्वतंत्रपणे काढा. दोन आकडे जुळले नाहीत तर वाटणी चुकली आहे; ती आधी दुरुस्त करा, मगच ताण काढा.