पाण्यातले औषध आणि टाकीतले विष



सकाळी नळ सुटला की पहिल्या तांब्याला कधी कधी किंचित उग्र वास येतो. आपण नाक मुरडतो आणि म्हणतो, "आज औषध जास्त पडलेले दिसते." ते औषध म्हणजे क्लोरीन. १९०५ साली इंग्लंडातील लिंकन शहरी विषमज्वराची साथ चालू असता डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी शहराच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रव सतत सोडण्यास आरंभ केला. पुढे हा प्रघात जगभर पसरला आणि पटकी व विषमज्वर यांची नळावाटे घरात शिरण्याची वाट पुष्कळशी बंद झाली. याच वायूचे दुसरे रूप १९१५ च्या एप्रिलात बेल्जियममधील ईप्र येथे दिसले. तेथे जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला.

औषध आणि विष यांत भेद मात्रेचा. आपल्या नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला तरी काम भागते. जलशुद्धीकरण केंद्रात मात्र तोच ९०० किलो मावणाऱ्या पोलादी टाकीत कोंडलेला असतो. कामगार तिला टनर म्हणतात. या टनरशी कसे वागावे, एवढाच माझा आजचा विषय.

टनरमध्ये दाबाखाली खाली द्रव आणि वर वायू अशी स्थिती असते. एक लिटर द्रव बाहेर सांडला तर त्याचा सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो. हा वायू हवेच्या अडीचपट जड. धुरासारखा तो वर जात नाही. जमिनीला बिलगून, सखल जागा शोधत सरकतो. एवढे ध्यानात आले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत; ते आपोआप सुचतात. वायू हवेत ओढून टाकणारा पंखा छताशी नको, जमिनीलगत हवा. आणि त्याचे बटण खोलीबाहेर हवे. पळायचे ते वाऱ्याच्या उलट दिशेने किंवा आडवे, आणि उंच जागी. तळघरात लपणे म्हणजे विहिरीत उडी घेणे. द्रव गळत असेल तर टनर फिरवून गळतीची जागा वर आणावी; म्हणजे द्रवाऐवजी नुसता वायू निघेल आणि संकट कितीतरी पटींनी हलके होईल.

गळती दिसली की आपला हात पहिल्याने बादलीकडे जातो. तोच घात! कोरडा क्लोरीन पोलादाला फारसा खात नाही, पण पाण्याशी मिसळला की आम्ल होते आणि सुईएवढे छिद्र बोटाएवढे होऊ लागते. म्हणून गळत्या टनरवर पाणी ओतू नये. बारीक गळती शोधावयाची तर अमोनियाची वाफ जवळ न्यावी; जेथे पांढरा धूर उठेल तेथे दोष. निसटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मुरवता येतो. ते द्रावण आधीच तयार ठेवलेले असले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणणे येथे चालत नाही.

बहुतेक गळत्या मोठ्या कारणाने होत नाहीत. टनर बदलताना शिशाचा जुनाच वायसर पुन्हा बसवला, झडप जोराने पिळली, श्वसनयंत्र वायूच्या खोलीतच कुलूपबंद राहिले, रात्रपाळीचा माणूस एकटाच आत गेला, अशा साध्या गोष्टी. वायसर दर जोडणीला नवा हवा, यंत्र दाराबाहेर हाताशी हवे आणि आत जाणाऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस बाहेर हवा. वायू छातीत गेलेल्याला मोकळ्या हवेत आणून निजवावे, चालवू नये. आणि त्याला बरे वाटू लागले तरी डॉक्टरांकडे न्यावे, कारण फुफ्फुसाला सूज काही तासांनीही येते.

मुंबईकरांना १४ जुलै २०१० चा दिवस आठवत असेल. शिवडीस बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या टाक्यांपैकी एक गळू लागली. शंभराहून अधिक माणसे बाधली. मदतीस धावलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यांत होते. ते काही जलकेंद्र नव्हे, पण धडा तोच आहे. ज्या टाकीची विचारपूस कोणी करीत नाही, तीच एके दिवशी साऱ्या वस्तीला जाब विचारते. आपल्या केंद्राच्या मागल्या अंगणात अशी गंजकी टाकी नाही ना?

कोणी म्हणेल, एवढे भय तर क्लोरीनच बंद का करीत नाही? ओझोन आहे, अतिनील किरण आहेत. ती साधने चांगली आहेत. पण ती केंद्रातच काम करून थांबतात. पुढे मैलोगणती नळात, गटाराशेजारच्या फुटक्या जोडावर जंतू शिरले तर पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीनच त्यांना गाठतो. द्रवरूप हायपोक्लोराइट वापरल्यास टनरचे भय टळते, आणि अनेक ठिकाणी तेच वापरतात. मात्र उन्हाळ्यात ते साठ्यातच निर्बल होते, म्हणून वरचेवर ताजे आणावे किंवा जागीच तयार करावे लागते. वाट कोणतीही घ्या. दक्षतेचा खर्च चुकत नाही.

हा खर्च अंदाजपत्रकात दिसावयास फार लहान असतो. वायसर, श्वसनयंत्र, कामगारांचे शिक्षण, वर्षातून दोन वेळा गळतीचा सराव. लहान असतो म्हणूनच तो प्रथम कापला जातो. नगरसेवक मते मागावयास येतील तेव्हा "पाणी किती तास सोडाल?" हे जरूर विचारा, पण त्याच्याबरोबर "आपल्या केंद्रात गळतीचा सराव शेवटचा कधी झाला?" हेही विचारा. रात्री दोन वाजता त्या खोलीच्या दाराशी उभा राहणारा माणूस आपल्या तांब्यातल्या पाण्यासाठीच तेथे उभा असतो. त्याच्या हाती धड श्वसनयंत्र आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे.