दहावीतल्या सूर्यवंशींची बाजू

रात्रीचे साडेअकरा वाजले तरी दहावीतल्या मुलाचे डोळे टक्क उघडे, आणि सकाळी सहाला चार हाका मारल्या तरी स्वारी पांघरुणातच. मग ‘सूर्यवंशी’, ‘आळशी’ अशी विशेषणं सुरू होतात आणि सगळं खापर मोबाइलवर फुटतं. मोबाइलचा दोष आहेच, पण अर्धाच.

वयात येताना मुलांची झोपेची वेळच पुढे सरकते. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारं मेलाटोनिन या वयात उशिरा स्रवू लागतं; हा उशीर दोन तासांपर्यंतही जातो. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी अनेक वर्षं याचाच अभ्यास केला. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास हवेत, असं अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ सांगतात. साडेअकराला झोपून सहाला उठणाऱ्याच्या पदरात साडेसहाच पडतात.

या तुटीची वसुली स्वभावातून होते. ‘डबा घेतलास का?’ एवढं विचारलं तरी खेकसणं, फुटकळ कारणावरून रडू येणं, वर्गात पेंगणं. अपुरी झोप आणि नैराश्य यांचं नातं तर दुहेरी आहे: एकामुळे दुसरं बळावतं. म्हणून मूल दोन आठवडे सतत उदास, अबोल राहिलं, तर वयाचा दोष म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइनही विनामूल्य आहे.

सिएटल शहरानं २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं रात्री आणखी जागतील, ही भीती खोटी ठरली. त्यांची झोप ३४ मिनिटांनी वाढली.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला. चिमुकल्यांची सोय झाली. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ते आठवी-दहावीचे विद्यार्थी बाहेरच राहिले. वर्गखोल्या त्याच, बस त्याच. त्यामुळे दोन सत्रांच्या शाळेत लहानांची वेळ पुढे गेली, की सकाळचं सत्र मोठ्यांच्याच गळ्यात पडण्याची शक्यता अधिक.

शाळेची वेळ पालकांच्या हातात नाही, पण क्लासची रात्रीची बॅच टाळता येते. झोपण्याआधी तासभर मोबाइल बैठकीच्या खोलीत, सकाळी थोडं ऊन अंगावर, आणि रविवारी तास-दीड तास जास्त झोपायची मुभा, एवढं घरातल्या घरात जमतं.