लिहिताना सोबत कोण? कादंबरीकारांकडून संशोधकाने उचलण्यासारखं काही

पेटची परीक्षा झाली, नोंदणी झाली, कोर्सवर्क संपलं की सगळे एकच सांगतात, “आता लिहायला बस.” कुणाबरोबर बसायचं हे मात्र कुणी सांगत नाही. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर एकच नाव असतं, त्यामुळे काम एकट्याचंच असणार असं आपण धरून चालतो.

कादंबरीच्या मुखपृष्ठावरही एकच नाव असतं. म्हणून या लेखात कादंबरीकारांकडे बघू. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, साहित्याची नाही. पण कादंबरी आणि प्रबंध यांचं एक दुखणं सारखं आहे. दोन्ही कामं दोन-तीन-पाच वर्षं चालतात, आणि या काळात “पुढचं पान कुठंय?” असं विचारायला दारात कुणी येत नाही.

आपल्या झाडीपट्टीतल्या नाटककाराचं तसं नसतं. दिवाळीनंतर मंडईचा मोसम सुरू झाला की वडशाच्या कंपन्या गावोगाव नाटकं लावतात. रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटककाराला कळलेलं असतं की कुठल्या प्रवेशाला लोक हसले आणि कुठल्या वेळी उठून चहाच्या टपरीवर गेले. पुढच्या गावी तो प्रवेश छाटता येतो. कादंबरीकाराला हे सुख नाही. आपल्याला तर नाहीच, आपला पहिला खरा ‘प्रेक्षक’ म्हणजे थेट बाह्य परीक्षक. तेव्हा तो चहाच्या टपरीवर जाणारा माणूस आधीच शोधून ठेवावा लागतो.

पण असा माणूस लागतोच का? आपलंच लिहिलेलं आपण चार वेळा वाचलं तर नाही का चालणार? याचं उत्तर एका गमतीदार प्रयोगात आहे. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने तो पीएच.डी.साठी केला होता. काही जणांना सांगितलं, सगळ्यांच्या ओळखीचं एखादं गाणं मनात धरा आणि त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा. समोरच्याने ते गाणं ओळखायचं. अशी १२० गाणी वाजवली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. ओळखली गेली फक्त तीन.

घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळं वाजत असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. आणि वाजवणाऱ्याने कितीही ठरवलं तरी त्याला डोक्यातला सूर बंद करता येत नाही. लिहिणाऱ्याचंही असंच होतं. आपलं पान आपण दहाव्यांदा वाचतो तेव्हाही कागदावर नसलेलं गाणं आपल्याला ऐकू येतच असतं.

समजा, तुम्ही आपल्या भागातल्या पाणवनस्पतींवर लिहिताय आणि पहिल्याच परिच्छेदात ‘बोडी’ आणि ‘मामा तलाव’ असे शब्द आले. तुमच्या-माझ्यासाठी यात अडण्यासारखं काही नाही. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं आणि मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पुण्याचा परीक्षक मात्र पहिल्या शब्दाला थांबेल आणि दुसऱ्याला हसेल. हे तुम्हाला स्वतःला दिसणार नाही, मार्गदर्शकांनाही दिसणार नाही, कारण बहुतेक वेळा तेही याच भागातले किंवा याच विषयातले असतात. त्यासाठी वाचणारा बाहेरचाच हवा.

मराठी साहित्यात या ‘बाहेरच्या वाचणाऱ्या’ची परंपरा चांगली जुनी आहे. ‘सत्यकथा’ मासिक आणि मौज प्रकाशन यांच्यामागे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे दोन संपादक होते. लेखकाचं हस्तलिखित हातात घेऊन बसायचं, कुठे अडखळायला झालं ते पत्रातून सविस्तर कळवायचं, पुन्हा लिहून मागायचं, ही त्यांची रीत होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौजेनेच काढली. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवरची कादंबरी मुंबईतल्या प्रकाशनसंस्थेतून येते आणि सगळ्या महाराष्ट्राला कळते, यात दोन्ही बाजू आल्या. आतलं माहीत असलेला लेखक हवा आणि बाहेरून वाचणारा संपादकही हवा.

मला या पद्धतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चांगला संपादक “हे असं लिहा” असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, “इथे मी थांबलो.” पहिल्या वाक्यात त्याची आवड असते, दुसऱ्यात माहिती. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर वाचणारा हे आपलं उपकरण आहे. उपकरणाने मोजमाप द्यावं, निष्कर्ष आपण काढावा. मित्राला प्रकरण देताना “कसं वाटलं?” असं विचारलंत तर “छान आहे” एवढंच हाती लागेल. त्याऐवजी “जिथे दुसऱ्यांदा वाचावं लागलं तिथे पेन्सिलने रेघ मार” असं सांगा. त्याला विषय कळत नसला तरी रेघ मारता येते.

आता या परंपरेची दुसरी बाजू. उपकरणाला स्वतःचा कल असतो. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीत बसत नाही म्हणून बरंच लेखन बाहेर राहतं, असं साठच्या दशकातल्या तरुण लेखकांना वाटू लागलं. त्यांनी काय केलं? सायक्लोस्टाइल करून, उसनवारी करून स्वतःची लहान मासिकं काढली. भालचंद्र नेमाड्यांचं ‘वाचा’, अशोक शहाण्यांचं ‘असो’ ही त्यातली नावं. राग इतका होता की १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. होळीबद्दल तुमचं मत काहीही असो, लघुनियतकालिकांची युक्ती लक्षात घ्या. मोठ्या दारात उभं राहून थांबण्यापेक्षा त्यांनी एकमेकांचं वाचलं आणि एकमेकांचं छापलं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. झाडीबोली म्हणजे अशुद्ध मराठी, ही समजूत शाळेपासून आपल्या कानावर आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या रूपाने तिच्यात लिहिणाऱ्यांना एकमेकांचा आधार मिळाला. आपल्या बोलीतलं वाक्य ‘चूक’ समजून खोडणारा वाचक आणि ते समजून घेऊन अडचण दाखवणारा वाचक, यांत किती फरक आहे हे या लेखकांना विचारावं. तुम्हीही वाचणारा निवडताना हे बघा. बाहेरचा हवा, पण तुमच्या विषयाला तुच्छ मानणारा नको.

हे झालं लिहून झालेल्या पानांचं. मुळात पानं लिहून व्हायची कशी?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनाच्या सवयींवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचा १९८९ चा एक अभ्यास लेखनाच्या कार्यशाळांमध्ये नेहमी सांगितला जातो. प्राध्यापकांचे तीन गट केले. पहिला गट नेहमीसारखा, म्हणजे सलग सुट्टी मिळाली की एकदम बसून लिहिणारा. दुसरा रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवणारा. तिसराही रोज लिहून नोंद ठेवणारा, पण ती नोंद ठरावीक दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी दाखवावी लागणारा. वर्षभरात सरासरी पानं झाली अनुक्रमे १७, ६४ आणि १५७.

आकडे बघून लगेच उडी मारू नका. गट लहान होते. मोजली गेली ती पानं, त्यातलं टिकाऊ किती हे नाही. आणि ज्याच्याकडे नोंद दाखवायची तो स्वतः बॉइसच असेल तर त्या माणसाचा प्रभाव किती आणि पद्धतीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. संशोधनाची तयारी करताय, तर असे प्रश्न विचारायची सवय इथूनच लावा. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक विचार करायला लावतो. दोन्ही गट रोज लिहीत होते. तिसऱ्याला जास्तीचं मिळालं ते एवढंच, की कुणीतरी विचारणारं होतं.

कादंबरीच्या जगातला याचा गाजलेला दाखला ऑक्सफर्डचा आहे. जे. आर. आर. टॉल्किन आपल्या प्रचंड कादंबरीची प्रकरणं सी. एस. लुईस यांच्या खोलीत, गुरुवारी रात्री जमणाऱ्या मित्रांपुढे वाचत असत. लुईसही लेखकच होते. टॉल्किन टीकेने फारसे बदलणारे नव्हते, म्हणजे संपादक म्हणून लुईस यांचा उपयोग बेताचाच. पण “पुढचं आण” हा त्यांचा धोशा सुटला नाही. त्या आग्रहाशिवाय पुस्तक पूर्णच झालं नसतं, असं टॉल्किन यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे. म्हणजे धोशा लावणाऱ्याला तुमचं लेखन सुधारता आलंच पाहिजे असं नाही. तुमचा रूममेट, धाकटी बहीण, शेजारच्या प्रयोगशाळेतला कुणीही हे काम करू शकतो. दर शनिवारी एकच प्रश्न, “या आठवड्यात किती पानं?”

आणि मग शेवटचा टप्पा, छापून येण्याचा. इथे लागणारी मदत आणखी वेगळी, कारण इथे दुसऱ्याला स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागतं.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड लिहिलं होतं की महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही बाई कोण, की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, यावर चर्चा झडल्या. प्रकाशक ह. वि. मोटे यांना ठाऊक होतं की या बाळूताई खरे. त्यांनी ते नाव फोडलं नाही. पुढे त्यांच्याच पाठबळावर ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. १९३८ मध्ये बाळूताईंनी विश्राम बेडेकरांशी लग्न केलं आणि त्या मालती बेडेकर झाल्या. १९३९ साली बेडेकरांची ‘रणांगण’ निघाली, प्रकाशक पुन्हा मोटेच. एका घरातले दोन कादंबरीकार आणि दोघांच्या मागे उभा राहणारा एक प्रकाशक. मोटे यांनी बाळूताईंची वाक्यं सुधारली की नाही हा प्रश्नच नाही. त्या काळात एका शिक्षित अविवाहित स्त्रीचं नाव झाकून ठेवणं, हीच त्या पुस्तकाला झालेली सगळ्यात मोठी मदत होती.

आपल्याकडे या टप्प्यावर नाव झाकावं लागत नाही, पण फसवणूक होते. पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलचे मेसेज तुम्हालाही येत असतील. पूर्वी निदान यूजीसी-केअरची यादी दाखवता यायची. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि जर्नल पारखायचं काम विद्यापीठांवर आणि संशोधकांवर सोपवलं. म्हणजे आता तुमच्या पुढे गेलेल्या ताई-दादांची माहिती सोन्यासारखी. कुठल्या जर्नलने खरंच परीक्षण करून अभिप्राय पाठवला, कुणी पैसे आधी मागितले, नकार यायला किती महिने लागले, हे त्यांना विचारा. तुम्हाला नकार आला तर त्यातला अभिप्राय मागून येणाऱ्यांना वाचायला द्या. नकार लपवण्यात आपला काहीच फायदा नसतो.

एवढी मदत घ्यायची तर काम आपलं राहतं का, ही शंका येणारच. पेपरच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. ज्याने अभ्यासाच्या रचनेत, माहितीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा उचलला आणि मजकुराची जबाबदारी घेतली तो सहलेखक. ज्याने वाचून रेघा मारल्या, भाषा तपासली, त्याचे ऋणनिर्देशात आभार. मित्राला खूश करायला सहलेखक करायचं नाही, आणि दहा वेळा वाचणाऱ्याचं नाव ऋणनिर्देशातून गाळायचंही नाही. प्रबंधात मात्र लिहिणारा हात तुमचाच हवा. मित्राने रेघ मारावी, रेघेवरचं नवं वाक्य त्याने लिहू नये.

राहिला नागभीडसारख्या गावाचा प्रश्न. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, पण संशोधक विद्यार्थी दोन जिल्ह्यांत विखुरलेले. एका तालुक्यात एका विषयाचे दोघे सापडणं मुश्कील. माझ्या मते ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण वर बघितलं तसं तिन्ही कामांना एकच माणूस लागत नाही आणि विषयही एक लागत नाही. ब्रह्मपुरीचा इतिहासाचा, सिंदेवाहीची रसायनशास्त्राची, तुम्ही आणि एखादे मराठीचे शिक्षक असे चौघे पंधरा दिवसांनी एकदा स्टेशनजवळच्या कुणाच्या तरी घरी बसलात तरी पुरे. मधल्या शनिवारी पानांचा आकडा व्हॉट्सॲपवर टाका, शून्य असला तरी टाका. पहिल्या बैठकीला अख्खं प्रकरण आणू नका. चार पानं आणा, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून छापलेली, आणि प्रत्येकासाठी एकेक पेन्सिल.